एस्प्लनेड, मराठा खंदक आणि मेंदूतले पहारेकरी



या मालिकेत आपण बहुतेक वेळा लढाया, किल्ले आणि सेनापती यांच्याबद्दल बोलतो. आजचा विषय मेंदूचा आहे, पण तिथे जायचा रस्ता कोलकात्याच्या एस्प्लनेडवरून जातो. ज्यांनी कोलकाता पाहिलं आहे त्यांना एस्प्लनेड म्हटलं की बसगाड्यांची गर्दी, धर्मतल्याचा बाजार आणि मेट्रोचं स्टेशन आठवेल. भारतातली पहिली मेट्रो २४ ऑक्टोबर १९८४ रोजी याच स्टेशनातून भवानीपूरकडे धावली. पण एस्प्लनेड हा शब्द मुळात फौजी आहे. किल्ल्याच्या तटासमोर मुद्दाम मोकळी ठेवलेली सपाट जागा, असा त्याचा अर्थ. घर नाही, झाड नाही, आडोसा नाही. चालून येणारा शत्रू तोफेच्या माऱ्यात उघडा पडला पाहिजे, एवढाच त्या जागेचा उपयोग.

१७५७ मध्ये प्लासी झाली आणि क्लाइव्हनं नवा फोर्ट विल्यम बांधायला घेतला. त्यासाठी गोविंदपूर नावाचं गाव उठवलं, जंगल तोडलं, आणि किल्ल्याभोवती मैदान मोकळं केलं. आज ज्याला कोलकात्याची माणसं ‘मैदान’ म्हणतात ते हेच, आणि त्याच्या उत्तरेच्या कडेला एस्प्लनेड. मुंबईकरांना हे वेगळं समजवायला नको. आझाद मैदान, क्रॉस मैदान, ओव्हल, कूपरेज ही सगळी मुंबईच्या कोटाबाहेरच्या अशाच एस्प्लनेडची उरलेली तुकडी. गंमत म्हणजे कोलकात्याच्या या नव्या किल्ल्यावरून शत्रूवर एकही तोफ डागायची वेळ आली नाही. डिसेंबर २०२४ मध्ये त्याचं नाव ‘विजय दुर्ग’ झालं, आपल्या सिंधुदुर्गातल्या विजयदुर्गावरून. तिथला सेंट जॉर्ज गेट आता शिवाजी गेट आहे.

त्याआधीची एक गोष्ट मराठी माणसानं ऐकायलाच हवी. १७४२ मध्ये नागपूरकर भोसल्यांची फौज भास्करराम कोल्हटकरांबरोबर बंगालात उतरली. कोलकात्याचे व्यापारी घाबरले आणि शहराभोवती खंदक खणायला लागले. त्याचं नाव ‘मराठा डिच’. सात मैलांचा बेत होता, तीनेक मैल खणून झाला. मराठे कोलकात्यावर आलेच नाहीत. पुढे १७५६ मध्ये सिराजउद्दौला आला, तेव्हा हा अर्धवट खंदक त्याला अडवू शकला नाही. १७९९ मध्ये तो बुजवून त्यावर सर्क्युलर रोड झाला. बंगालात ‘बर्गी’ या शब्दानं आजही लहान मुलांना झोपवतात, हे आपण अभिमानानं सांगायची गोष्ट नाही. पण खंदकाचा इतिहास सांगताना ती गाळताही येत नाही.

पूर्व कमांडच्या मुख्यालयात नेमणूक असताना मी या दोन गोष्टींवर पुष्कळ विचार केला. खंदक आणि मोकळं मैदान हे दोन्ही शत्रूला बाहेर ठेवण्याचे उपाय. पण समजा, बाहेरची वस्तू अधूनमधून आत यायलाच हवी असेल, तिच्याशिवाय किल्ल्याचं काम चालतच नसेल, तर? दरवाजा उघडावा लागेल, आणि आत आलेल्याला ताबडतोब पकडून ठेवणारी माणसंही आतच ठेवावी लागतील. मेंदूतली प्रत्येक चेतापेशी अशाच पेचात असते. बाहेरची ही वस्तू म्हणजे कॅल्शिअम.

हाडांतलं, दुधातलं, पानाला लावायच्या चुन्यातलं कॅल्शिअम आपल्याला ठाऊक आहे. रक्तात आणि पेशींभोवतीच्या पाण्यातही ते विरघळलेलं असतं. पण पेशीच्या आत मोकळं कॅल्शिअम जवळजवळ नसतं. बाहेर जितकं असतं त्याच्या सुमारे दहा हजारावा भाग आत. पेशीच्या भिंतीतले पंप अहोरात्र ते बाहेर फेकत असतात, कारण पेशीच्या आत फॉस्फेट भरपूर असतं, आणि कॅल्शिअम फॉस्फेटशी मिळालं की खडा होतो. ज्याला मुतखड्याचा अनुभव आहे त्याला खडा म्हणजे काय हे सांगायला नको. तेव्हा ही मोकळी जागा राखणं हा पेशीच्या जगण्याचा प्रश्न. पण पेशीनं या धोक्याचाच उपयोग करून घेतला आहे. आत इतकी शांतता असल्यामुळे थोडंसं कॅल्शिअम शिरलं तरी तो मोठा इशारा ठरतो. एका चेतापेशीचा निरोप दुसरीकडे जायचा असतो तेव्हा टोकाशी कॅल्शिअमचे दरवाजे क्षणभर उघडतात, आणि ते आत घुसताच निरोपाचं रसायन बाहेर सांडतं. लंडनमध्ये बर्नार्ड कॅट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५० आणि ६०च्या दशकांत हे उलगडलं. १९७०च्या नोबेलमध्ये कॅट्झ यांचा वाटा होता.

कॅल्शिअमचं महत्त्व त्याआधी कळलं ते एका नळाच्या पाण्यामुळे. सिडनी रिंगर हा लंडनचा डॉक्टर बेडकाचं हृदय मिठाच्या पाण्यात ठेवून प्रयोग करत होता. साध्या मिठाच्या पाण्यात हृदय छान धडधडत राहिलं. नंतर असं कळलं की ते पाणी ऊर्ध्वपातित नव्हतंच; मदतनिसानं नळाचं वापरलं होतं, आणि लंडनच्या त्या नळाच्या पाण्यात चुना होता. शुद्ध पाण्यात केलेल्या मिठाच्या द्रावात हृदय थांबायचं, कॅल्शिअम घातलं की चालायचं. हे १८८३ साल. दवाखान्यात बाटलीतून ‘रिंगर’ चढवतात, ते नाव याच डॉक्टरचं.

आता पुन्हा कोलकाता. एस्प्लनेडहून उत्तरेला चित्तरंजन ॲव्हेन्यूनं चालत गेलं की स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनची इमारत लागते. तिची पायाभरणी १९१४ मध्ये झाली, आणि ही संस्था उभी राहावी म्हणून झटणारा माणूस होता लेनर्ड रॉजर्स. इंडियन मेडिकल सर्व्हिसचा, म्हणजे फौजी डॉक्टर. कोलकात्याच्या मेडिकल कॉलेजात पॅथॉलॉजी शिकवायचा. पटकीचा रोगी जुलाबांनी सुकून मरतो, तर त्याच्या शिरेत खारं पाणी भरा, असा त्याचा आग्रह होता. त्या काळात ही रीत लोकांनी जवळपास टाकून दिली होती. रॉजर्सनं पाणी जास्त खारं केलं आणि त्यात कॅल्शिअम क्लोराइडही घातलं. रिंगरनं बेडकाच्या हृदयात पाहिलेली गोष्ट अशी कोलकात्याच्या वॉर्डात आली. त्याच्या रोग्यांत मृत्यूचं प्रमाण निम्म्यावर आलं. फौजी डॉक्टरांबद्दल आपल्याकडे फार कमी लिहिलं जातं, म्हणून एवढं थांबलो.

आणि ज्या सर्क्युलर रोडचा उल्लेख मघाशी केला, मराठा खंदक बुजवून झालेला, त्याच रस्त्यावर जगदीशचंद्र बोसांनी ३० नोव्हेंबर १९१७ रोजी आपली संस्था उघडली. लाजाळूला स्पर्श केला की पानं मिटतात, त्यामागे प्राण्यांच्या चेतातंतूंसारखा विजेचा संदेश धावतो, असं ते स्वतः बनवलेल्या उपकरणांनी दाखवत होते. २०२२ मध्ये जपानी शास्त्रज्ञांनी चमकणाऱ्या प्रथिनाच्या मदतीनं लाजाळूत कॅल्शिअमची लाट पानांतून धावताना प्रत्यक्ष पाहिली. बोसांना ती दिसली असती तर काय वाटलं असतं, याची कल्पना करायला मला आवडतं.

असो. आता आतल्या पहारेकऱ्यांकडे वळू. कॅल्शिअम आत शिरलं की त्याला धरून ठेवणारी प्रथिनं पेशीत असतात. मेंदूच्या बाह्यपटलातली, म्हणजे कॉर्टेक्समधली, त्यातली तीन नावं लक्षात ठेवण्याजोगी: पार्व्हाल्ब्युमिन, कॅल्बिंडिन आणि कॅलरेटिनिन. नावं अवघड आहेत, पण यांतलं एकही मेंदूत सापडलेलं नाही. हाच या इतिहासाचा मला सर्वात आवडणारा भाग.

पार्व्हाल्ब्युमिन माशाच्या मांसात सापडलं. ‘पार्व्हस’ म्हणजे लॅटिनमध्ये लहान. अंड्याच्या पांढऱ्यासारखं पाण्यात विरघळणारं, पण आकारानं लहान प्रथिन, म्हणून हे नाव. युरोपातल्या शास्त्रज्ञांनी ते कार्प माशातून काढलं. बंगाली माणसाच्या ताटातला रुई, आपला रोहू, हा कार्पच्याच कुळातला. ज्यांना मासे खाल्ले की अंगावर पित्त उठतं, ओठ सुजतात, त्यांच्या बाबतीत बहुतेकदा दोष याच प्रथिनाचा असतो; शिजवूनही ते टिकून राहतं. १९७३ मध्ये अमेरिकेत रॉबर्ट क्रेट्सिंगर यांनी कार्पच्या पार्व्हाल्ब्युमिनचा आकार क्ष-किरणांनी शोधून काढला. त्यात साखळीचे सहा पिळदार तुकडे होते. त्यांना त्यांनी ए, बी, सी अशी नावं दिली. शेवटचे दोन ई आणि एफ. उजव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी ताणून धरा: तर्जनी म्हणजे ई, अंगठा म्हणजे एफ, आणि त्यांच्या मधल्या वळणात कॅल्शिअमचा कण अलगद बसलेला. त्या घडणीला आजही ‘ईएफ हात’ म्हणतात. पुढे कळलं की असा हात असलेली प्रथिनं शेकड्यांनी आहेत, आणि यीस्टपासून माणसापर्यंत सगळीकडे आहेत.

माशाला हे प्रथिन का लागतं? स्नायू आखडतो तो कॅल्शिअममुळे, आणि सैल पडतो तो कॅल्शिअम काढून घेतल्यावर. शेपटी झपाझप हलवायची तर सैल पडणंही झपाझप व्हायला हवं. पार्व्हाल्ब्युमिन कॅल्शिअम उचलून बाजूला करतं. हे ध्यानात ठेवा, मेंदूत याचा उपयोग होणार आहे.

कॅल्बिंडिन कोंबडीच्या पिल्लाच्या आतड्यात सापडलं. कॉर्नेल विद्यापीठात रॉबर्ट वॉसरमन आणि त्यांचे सहकारी ड जीवनसत्त्वाचा अभ्यास करत होते. मुडदूस झालेल्या पिल्लांना ड जीवनसत्त्व दिलं की आतड्यात एक नवं प्रथिन तयार होतं आणि ते कॅल्शिअम धरतं, हे त्यांनी १९६६ मध्ये प्रसिद्ध केलं. नंतर तेच मेंदूत दिसलं. तिथे ते ड जीवनसत्त्वाच्या हुकमाची फारशी वाट पाहत नाही. तिसरं कॅलरेटिनिन, १९८७ मध्ये केंब्रिजला जॉन रॉजर्स यांना पिल्लाच्या डोळ्यातल्या पडद्याशी, म्हणजे रेटिनाशी, संबंधित जनुकांत सापडलं. हा रॉजर्स वेगळा. कोलकात्याच्या रॉजर्सशी त्याचा संबंध नाही.

म्हणजे एक मासळी बाजारातून, दोन पोल्ट्रीतून. मग मेंदूत हे कुणी पाहिलं? त्यासाठी मेंदूच्या पेशी वेगळ्या ओळखायची अडचण समजून घ्यायला हवी. मेंदूचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला तर पेशींची दाटी दिसते, कोण कुणाचा हे कळत नाही. इटलीच्या गोल्जीनं चांदीच्या क्षारांनी पेशी काळ्या करण्याची युक्ती काढली, आणि स्पेनच्या रामोन ई काहालनं तिच्या मदतीनं चेतापेशींची चित्रं काढली. १९०६ चं नोबेल दोघांना मिळून मिळालं. पण ही युक्ती काही मोजक्याच पेशी रंगवते, आणि कुठल्या, हे तिच्या मर्जीवर. काहालनं आकारावरून जाती पाडल्या. आत काय माल आहे ते त्याला दिसणं शक्य नव्हतं.

माल पाहण्याचं हत्यार म्हणजे अँटिबॉडी, मराठीत प्रतिपिंड. सशाला माशाचं पार्व्हाल्ब्युमिन टोचलं की त्याच्या रक्तात त्या प्रथिनाला नेमकं चिकटणारे प्रतिपिंड तयार होतात. ते मेंदूच्या कापावर ओतायचे आणि त्यांना रंग जोडायचा. ज्या पेशीत ते प्रथिन असेल ती तपकिरी दिसते, बाकीच्या फिक्या राहतात. झ्युरिकच्या मार्को चेलिओ आणि क्लाउस हाइत्झमन यांनी १९८१ मध्ये ‘नेचर’मध्ये सांगितलं की पार्व्हाल्ब्युमिन काही ठरावीक चेतापेशींची खूण म्हणून वापरता येईल. १९८६ मध्ये चेलिओ यांनी ‘सायन्स’मध्ये त्यापुढचं सांगितलं: उंदराच्या बाह्यपटलात ‘गाबा’ हे रसायन बाळगणाऱ्या पेशींपैकी बहुतेकींत पार्व्हाल्ब्युमिन असतं.

गाबा म्हणजे थांबवणारं रसायन. मेंदूच्या बाह्यपटलात ढोबळमानानं पाचातल्या चार पेशी ‘पुढे व्हा’ म्हणणाऱ्या आणि एक ‘थांबा’ म्हणणारी. तोफखान्यात काम केलेल्या कुणालाही विचारा, ‘फायर’इतकाच ‘सीज फायर’ महत्त्वाचा असतो. थांबवणारे नसतील तर सगळ्या पेशी एकदम सुटतील, म्हणजे अपस्माराचा झटका. पुढच्या दहा वर्षांत स्पेनचे हाविएर देफेलिपे आणि इतरांनी या थांबवणाऱ्या पेशींची वर्गवारी या तीन प्रथिनांवर बसवली. पार्व्हाल्ब्युमिनवाल्या पेशी दुसऱ्या पेशीच्या मध्यभागाला टोपलीसारखा वेढा घालतात, किंवा झुंबराच्या मेणबत्त्यांसारखी टोकं तिच्या मुख्य तंतूच्या उगमाशी लावतात. या पेशी सेकंदाला शंभराहून अधिक वेळा सुटू शकतात. आता माशाची शेपटी आठवा. झपाझप काम, झपाझप साफसफाई. कॅल्बिंडिनवाल्या बऱ्याचशा पेशी फांद्यांच्या टोकांशी बोलतात. कॅलरेटिनिनवाल्यांतल्या पुष्कळशा उभ्या, दोन टोकांच्या, आणि त्या बऱ्याचदा दुसऱ्या थांबवणाऱ्यांनाच थांबवतात.

ही वर्गवारी फार उपयोगी पडली. मी मुद्दाम ‘उपयोगी’ म्हणतो, ‘खरी’ म्हणत नाही, कारण इथे एक गोष्ट फौजी माणसाला लगेच खटकते. खांद्यावरचा बिल्ला बघून पलटण कळते. पण बिल्ला नसलेला माणूस त्या पलटणीचा नाहीच, असं म्हणता येत नाही, आणि बिल्ला काढून ठेवलेला माणूस मेला असं तर मुळीच म्हणता येत नाही. चकमकीनंतर हजेरी घेतली आणि एक जण कमी भरला, तर कागदावर आधी ‘बेपत्ता’ लिहितात. ‘धारातीर्थी पडला’ लिहायला पुरावा लागतो. या दोन शब्दांत घरच्या माणसांचं सगळं आयुष्य असतं.

मेंदूच्या विज्ञानात काही वर्षं ही काळजी पुरेशी घेतली गेली नाही, असं माझं मत आहे. झटक्यानं, रक्त न मिळाल्यानं किंवा वयानं मेंदूला इजा झाली की काप रंगवायचा, तपकिरी पेशी मोजायच्या, आणि कमी भरल्या की ‘पेशी नष्ट झाल्या’ असं लिहायचं. त्याच्या जोडीला असाही समज होता की ज्यांच्यात कॅल्शिअम धरणारी प्रथिनं जास्त त्या पेशी संकटात तगतात. समज तर्काला धरून होता. कॅल्शिअमचा पूर पेशीला मारतो हे खरंच आहे. पक्षाघातात ते घडतं. पण जनुकं काढून टाकलेले उंदीर तयार करता यायला लागले आणि चित्र बदललं. १९९९ मध्ये पार्व्हाल्ब्युमिनशिवाय जन्मलेले उंदीर जगले, वाढले, त्यांची पिल्लं झाली. त्यांच्या स्नायूंना सैल पडायला वेळ लागत होता, एवढंच आधी दिसलं. मेंदूतल्या त्या पेशी जागेवर होत्या, बिल्ल्याशिवाय. वागण्यातला फरक नंतर दिसला: २०१५ मध्ये छापून आलेल्या अभ्यासात या उंदरांचं एकमेकांशी वागणं आणि आवाज काढणं बदललेलं होतं.

सर्वात गंभीर प्रकरण स्किझोफ्रेनियाचं. या आजारात मरण पावलेल्यांच्या मेंदूत पार्व्हाल्ब्युमिन कमी दिसतं, ही गोष्ट अनेकांनी नोंदवली. पेशी मेल्या का? पिट्सबर्गच्या डेव्हिड लुईस यांच्या गटानं २००३ मध्ये कपाळामागच्या भागात पेशींची संख्या आणि प्रत्येक पेशीतला पार्व्हाल्ब्युमिनचा संदेश, या दोन गोष्टी वेगळ्या मोजल्या. संख्या तेवढीच होती. प्रत्येकीतला संदेश घटला होता. म्हणजे सैनिक ठाण्यावरच होता, त्याची शिधासामग्री आणि दारूगोळा कमी पडला होता. ज्या घरात असा रोगी आहे त्या घराला या फरकाचा अर्थ सांगावा लागत नाही. मेलेली पेशी परत येत नाही. मंदावलेली पुन्हा कामाला लागेल अशी आशा तरी धरता येते. औषध अजून हातात नाही, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगायला हवं.

आता दुसरा प्रश्न. हे सगळं मुख्यतः उंदीर, माकड आणि माणूस यांच्यावरून. सगळ्या सस्तन प्राण्यांच्या मेंदूत पहाऱ्याची रचना अशीच असते का? १९९३ मध्ये इल्या ग्लेझर, पॅट्रिक हॉफ, पीटर मॉर्गन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी देवमासे, कीटकभक्षी प्राणी, वटवाघळं, उंदीर आणि माकडं यांच्या बाह्यपटलातला पाहण्याचा भाग शेजारी शेजारी ठेवून पाहिला. उंदीर आणि माकड यांच्यात पार्व्हाल्ब्युमिनचा भरणा मोठा. डॉल्फिन आणि देवमासे यांच्यात ते तुरळक, आणि कॅलरेटिनिन व कॅल्बिंडिन यांचं राज्य. इतका मोठा, इतका घड्या पडलेला मेंदू, आणि त्याच्या पहाऱ्याची पद्धतच वेगळी. १९९९ मध्ये हॉफ आणि सहकाऱ्यांनी आणखी प्राण्यांची पाहणी एकत्र केली, तेव्हा असं दिसलं की या प्रथिनांच्या वाटपात प्राण्यांचं गोत्र उमटतं.

देवमाशांचं गोत्र कोणतं? गाई, हरणं, पाणघोडे यांचं. त्याचा एक मोठा पुरावा आपल्याकडचा आहे. जम्मूच्या राजौरी जिल्ह्यात कालाकोट आहे. आमच्यापैकी अनेकांना ते नाव वेगळ्या कारणांनी पाठ आहे. तिथल्या खडकांतून भूशास्त्रज्ञ ए. रंगा राव यांनी जमवलेल्या दगडांत मांजरापेक्षा थोडा मोठा, खुरांचा, पाण्यात चालणारा प्राणी निघाला: इंडोहायस, सुमारे चार कोटी ऐंशी लाख वर्षांपूर्वीचा. २००७ मध्ये हान्स थेविसन यांनी त्याच्या कानाच्या हाडावरून दाखवलं की देवमाशांचा हा सर्वात जवळचा भाऊबंद.

आणि इथे एस्प्लनेड परत येतं, कारण त्याच्या दक्षिणेला, चौरंगीवर, चालत दहा-पंधरा मिनिटांवर इंडियन म्युझियम आहे. ते १८१४ मध्ये एशियाटिक सोसायटीत सुरू झालं. आजची इमारत १८७८ मध्ये खुली झाली. त्या एशियाटिक सोसायटीच्याच नियतकालिकात विल्यम रॉक्सबर्ग यांनी गंगेतल्या डॉल्फिनचं शास्त्रीय वर्णन छापलं, १८०१ सालच्या खंडात. त्याच वर्षी बर्लिनमध्ये लेबेक यांचंही छापून आलं, आणि हल्लीच्या नियमांनुसार नामकरणाचा मान लेबेककडे जातो. बंगाली लोक या प्राण्याला ‘शुशुक’ म्हणतात, बिहारी ‘सोंस’. अशोकाच्या पाचव्या स्तंभलेखात अवध्य प्राण्यांची यादी आहे; तिच्यातला ‘गंगापुपुटक’ हा हाच असावा, असं बहुतेक अभ्यासक मानतात. म्युझियमचे पहिले अधीक्षक जॉन अँडरसन यांनी १८७८ मध्ये या शुशुकाचा आणि इरावती डॉल्फिनचा शरीररचनेचा सविस्तर ग्रंथ लिहिला, चित्रांसह.

शुशुकाच्या डोळ्यात भिंगच नाही. गढूळ पाण्यात तो आवाजाच्या पडसादावरून वाट आणि भक्ष्य शोधतो, आणि बऱ्याचदा एका कुशीवर पोहतो. देवमाशांच्या मेंदूचा जो भाग ग्लेझर मंडळींनी तपासला तो पाहण्याचा होता. आणि हा तर जवळपास आंधळा. पाहण्याचं कामच उरलं नाही, तर त्या भागात कोणते पहारेकरी उरतात? याहून सरळ प्रश्न मला तरी सुचत नाही, आणि त्याचं उत्तर द्यायला जगात शुशुकाइतका योग्य प्राणी दुसरा नाही. या प्राण्यांच्या बाह्यपटलाचा तुलनात्मक अभ्यास २०१६ मध्ये झाला. नाव घ्यायचं तर पुन्हा हॉफ, आणि त्यांचे जर्मन सहकारी.

म्युझियमचे सांगाडे या प्रश्नात काही मदत करू शकत नाहीत. हाडात कॅल्शिअम भरपूर, पण ही प्रथिनं मऊ मेंदूत असतात, आणि बंगालच्या उन्हात मेंदू काही तासांत पाणी होतो. २०२१ ते २०२३ या काळात भारतात नदीतल्या डॉल्फिनची पहिली मोठी मोजणी झाली. आठ राज्यांतल्या अठ्ठावीस नद्या, साडेआठ हजार किलोमीटर, आणि मार्च २०२५ मध्ये जाहीर झालेला आकडा ६,३२७. बिहारमध्ये २,२२०, पश्चिम बंगालमध्ये ८१५. यातले तीन सिंधू नदीच्या जातीचे, पंजाबात. राष्ट्रीय जलचर म्हणून २००९ मध्ये याची निवड झाली, तरी तो मासेमारीच्या जाळ्यांत अडकून मरतोच. दर वेळी मेलेला शुशुक काठाला लागला की फोटो निघतात, शवविच्छेदन होतं, पोट तपासतात, जखमा मोजतात. कवटी उघडून मेंदू लगेच फॉर्मलिनमध्ये ठेवायचा, काढल्याची वेळ डब्यावर लिहायची, आणि तो अशा ठिकाणी पाठवायचा जिथे काप घेऊन रंगवणारी माणसं आहेत. कोलकात्यात अशी माणसं आहेत, पुण्यात, नागपुरात, मानेसरला आहेत. खर्च फॉर्मलिनच्या एका पिंपाचा. वनखात्याच्या शवविच्छेदनाच्या छापील नमुन्यात यासाठी एक ओळ घालायला हवी, आणि ती पाटण्यापासून सागर बेटापर्यंत प्रत्येक ठाण्यावर पोचायला हवी.